ऑफिस ट्रिपच्या तिकिटामागच्या संघटना: कोण कुणाची आणि कशासाठी

ऑफिसच्या कामासाठी शेवटचा जो विमानप्रवास केला असेल त्याचं ई-तिकीट मेलमध्ये शोधा आणि त्यावरचा तिकीट नंबर बघा. पीएनआर नाही, तो सहा अक्षरांचा असतो, त्याच्या आसपास कुठेतरी बारीक टायपात १३ आकडी नंबर असतो तो. पहिले तीन आकडे ०९८ असतील तर एअर इंडिया, १७६ असतील तर एमिरेट्स, २२० असतील तर लुफ्तान्सा. हे आकडे कुठल्याही सरकारनं दिलेले नाहीत, आयाटा नावाच्या एका संघटनेनं दिलेत. मुंबई विमानतळाचा कोड अजून बीओएम आहे, शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं तरी बॅगेच्या टॅगवर बॉम्बेचा तोच बीओएम छापून येतो, तो कोडसुद्धा त्याच संघटनेचा.

मी पुण्यात गेली १८ वर्षं कॉर्पोरेट तिकिटांचं काम करते. सुरुवातीची बरीच वर्षं एजन्सीत काउंटरला होते, आता एका कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर आहे, म्हणजे आधी विकणाऱ्याच्या बाजूला आणि आता घेणाऱ्याच्या. नवीन मुलं-मुली जॉइन होतात तेव्हा दर वेळी एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम आयाटा म्हणजे सरकारी ऑफिस आहे का. आणि मग टाफी काय, टीएएआय काय, ते जीबीटीए काय, सगळे एकच आहेत का. एकच नाहीत. या धंद्यात तीन बाजू आहेत: विकणारे म्हणजे एअरलाइन आणि हॉटेलं, मधले म्हणजे एजंट, आणि बिल भरणारे म्हणजे कंपन्या. तिघांनी आपापल्या संघटना काढल्यात. जो माणूस पहाटे चारला उठून कॅब पकडून प्रत्यक्ष सीटवर बसतो तो मात्र यातल्या एकाही बाजूला नसतो, त्याच्या वतीनं बाकीचे बोलतात. म्हणून कुठल्याही संघटनेचं पत्रक हातात आलं की मी आधी एकच बघते, ही कुणाची आहे.

आधी आयाटा, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. ही विमान कंपन्यांची संघटना. एप्रिल १९४५ मध्ये क्यूबातल्या हवानाला ३१ देशांच्या ५७ विमान कंपन्यांनी मिळून ती काढली, मुख्यालय कॅनडात मॉन्ट्रिअलला. युद्ध संपत आलं होतं, आता पुन्हा लोक फिरणार, एका देशात काढलेलं तिकीट दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या विमानात चालायचं तर सगळ्यांची कागदपत्रं, कोड, हिशोब एकसारखे हवेत, ही गरज होती. आपले जेआरडी टाटा १९५८-५९ मध्ये या संघटनेचे अध्यक्ष होते हे फार कमी जणांना माहीत असतं, मला तर ऐकून फार भारी वाटलं होतं.

पण एजंटासाठी आयाटाचं खरं महत्त्व कोडमध्ये नाही, पैशात आहे. समजा तुमची एक एजन्सी आहे आणि तुम्ही महिन्याला तीस-चाळीस वेगवेगळ्या एअरलाइनची तिकिटं विकता. प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाचं बिल वेगळं, प्रत्येकाला चेक वेगळा, वेड लागेल. किराणा दुकानदाराकडे साबणवाला, तेलवाला, बिस्किटवाला सगळे आपापली वही घेऊन उभे राहतात तसंच. यावर आयाटानं बीएसपी नावाची पद्धत काढली, पहिल्यांदा जपानमध्ये १९७१ ला. सगळ्या एअरलाइनचा हिशोब एका स्टेटमेंटमध्ये येतो, एजंट ठरलेल्या तारखेला एकच रक्कम भरतो आणि ती पुढे ज्याची त्याला वाटली जाते. सोय मोठी आहे पण धाकही तितकाच मोठा. आयाटाची मान्यता हवी तर बँक गॅरंटीसारखं तारण द्यावं लागतं, आणि ठरल्या तारखेला पैसे नाही पडले तर एका एअरलाइनचं नाही, सगळ्या एअरलाइनचं तिकीट काढणं एकदम बंद होऊ शकतं.

आता यातली मेख बघा. कॉर्पोरेट पार्टी एजंटाला रोख देत नाही. बिल सबमिट करा, आमचं अकाउंट्स ते तपासेल, मग ३० दिवसांनी किंवा ४५ दिवसांनी पेमेंट. बीएसपीची तारीख त्याच्या आधीच येऊन जाते. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब लोक सिंगापूर-फ्रँकफर्ट करून येतात तेव्हा मधले काही आठवडे त्या तिकिटाचे पैसे प्रत्यक्षात कुठल्यातरी लक्ष्मी रोडवरच्या किंवा डेक्कनवरच्या एजंटाच्या ओव्हरड्राफ्टमधून गेलेले असतात. मी काउंटरला असताना बीएसपीच्या आदल्या दिवशी आमचे सर जेवायचे नाहीत, फक्त चहा आणि फोन, फोन आणि चहा. ती तारीख किती दिवसांनी यावी, तारण किती असावं, हे नियम आयाटा एअरलाइनच्या बैठकीत ठरवते. एकटा एजंट त्याबद्दल कुणाला सांगणार? म्हणून एजंटांच्या संघटना.

आपल्याकडे सगळ्यात जुनी टीएएआय, १९५१ ची, मुंबईतच सुरू झालेली. मग टाफी, १९८६ ची. आयाटा मान्यता असलेल्या एजंटांची आयएएआय वेगळी. परदेशी पाहुणे आणणाऱ्यांची आयएटीओ वेगळी, पण त्यांचा आपल्या विषयाशी थोडा कमी संबंध. आयाटाच्या पद्धतीत प्रत्येक देशासाठी एक संयुक्त समिती असते, तिला एपीजेसी म्हणतात, तिच्यात एअरलाइनचे आणि एजंटांचे दोघांचेही प्रतिनिधी बसतात आणि स्थानिक अटींवर, म्हणजे एजंटाचा आर्थिक ताळेबंद कसा तपासायचा वगैरे, यावर घासाघीस होते. बातमीत हे कधी येत नाही, पण छोट्या एजंटाचं जगणं-मरणं अशा बैठकांतच ठरतं.

दुसरं एक काम संघटना करते ते म्हणजे माहिती पोचवणं, आणि याची किंमत मला स्वतःला कळली आहे. मी नवीन असताना एका एअरलाइनकडून एडीएम आला. एडीएम म्हणजे एजंटाच्या नावानं फाडलेली दंडाची पावती समजा, तुम्ही तिकीट चुकीच्या भाड्यात काढलं, नियम मोडला, फरक भरा. चाकणच्या एका कंपनीचा इंजिनिअर जर्मनीला जाऊन, काम करून, परत येऊन पाच महिने झाले होते, आणि आता २३ हजार आणि काही रुपये भरा म्हणे, माझा तेव्हाचा दोन महिन्यांचा पगार. तिकीट मीच काढलेलं. मी रडकुंडीला आले. शेजारच्या एजन्सीतले एक काका संघटनेत बरीच वर्षं काम करणारे, त्यांनी कागद हातात घेतला आणि आधी तारीख बघितली. ते म्हणाले, पोरी, प्रवास संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत हे पाठवायचा त्यांना हक्क आहे, पण तुलाही किमान १५ दिवस आहेत हरकत घ्यायला, ते आज संपत नाहीत, घाबरू नकोस. मग त्यांनी भाड्याचे नियम उघडले, त्या तारखेचे, आजचे नाही, हे महत्त्वाचं, आणि मी काढलेलं भाडं त्या दिवशी बरोबर होतं हे ओळ न् ओळ दाखवून दिलं. आम्ही हरकत टाकली, एडीएम मागे घेतला गेला. नियम आयाटाच्या पुस्तकात होताच, मला तो कुणी सांगितलेला नव्हता. आणि एअरलाइननं नाहीच ऐकलं असतं तर ट्रॅव्हल एजन्सी कमिशनर म्हणून एक स्वतंत्र माणूस असतो, आयाटाचे निर्णय आणि एजंट यांच्यातले तंटे बघणारा, त्याच्यापर्यंत जाता येतं हेही मला त्याच दिवशी कळलं.

इथपर्यंत संघटनेचं चांगलंच बोलले, आता जिथे घसरलं तेही सांगते कारण त्याशिवाय विषय अर्धवट राहील.

एजंट पूर्वी कशावर जगायचा तर कमिशनवर. एके काळी आंतरराष्ट्रीय तिकिटावर ९ टक्के मिळायचे. मग कात्री लागत गेली. अमेरिकेत १९९५ ला डेल्टानं देशांतर्गत तिकिटावर कमिशनला ५० डॉलरची मर्यादा घातली, बाकीच्यांनी पटापट तेच केलं, २००२ मध्ये मूळ कमिशनच काढून टाकलं. आपल्याकडे ९ चे ५ होत होत २००८ च्या शेवटाला बऱ्याच मोठ्या एअरलाइननी शून्य कमिशन जाहीर केलं, एजंटानं आपली फी गिऱ्हाइकाकडून घ्यावी म्हणे. रातोरात उत्पन्नच गेलं लोकांचं. आयएएआय केरळ हायकोर्टात गेली, १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये 'टॅरिफ'च्या व्याख्येत एजंटाचं कमिशन येतं या मुद्द्यावर, आणि २०१० मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, एअरलाइननी कमिशन द्यावं असा आदेशही काढला. तरी जुने दिवस परत आले नाहीत ते नाहीतच.

पण कोर्टाबरोबर आणखी एक रस्ता धरला गेला. टीएएआय, टाफी आणि आयएएआय या तिन्ही संघटनांनी कमिशन बंद करणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सवर बहिष्कार टाकायचा ठरवलं, सभासदांनी तिची तिकिटं विकायची नाहीत. दिल्लीच्या एका एजन्सीला ते मान्य नव्हतं, ती विकत राहिली, आणि आपल्यावर संघटनेकडून दबाव येतोय म्हणून ती काँपिटिशन कमिशनकडे, म्हणजे धंद्यातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, गेली. ऑक्टोबर २०११ मध्ये निकाल लागला. कमिशननं तिन्ही संघटनांना दोषी धरलं आणि प्रत्येकीला एक लाख रुपये दंड केला.

एक लाख म्हणजे काही फार नाही, पण त्या निकालानं रेघ आखून दिली आणि ती समजून घ्यायला हवी. संघटना सरकारकडे निवेदन देऊ शकते, कोर्टात जाऊ शकते, सभासदांना नियम शिकवू शकते, एअरलाइनसमोर सगळ्यांच्या वतीनं बोलू शकते. पण एकमेकांचे स्पर्धक असलेले धंदेवाले एकत्र बसून अमक्याचा माल विकायचा नाही किंवा अमक्या भावाच्या खाली विकायचा नाही असं ठरवत असतील, आणि ऐकणार नाही त्याला बाहेर काढायची भीती घालत असतील, तर तो २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ चा भंग. त्या वेळी मी काउंटरला होते, माझ्या आजूबाजूची माणसं चिडलेली होती आणि त्यांचा राग खोटा नव्हता, घर चालवायचं कसं हाच प्रश्न होता. तरी मला निकाल बरोबर वाटतो. ज्या कंपनीच्या माणसाला सोमवारी सकाळी सिंगापूरला मीटिंग आहे त्याला त्याच एअरलाइनचं थेट विमान हवं असेल तर मी नाही म्हणून सांगायचं ते कुणाच्या जोरावर? आणि ज्या छोट्या एजंटाला विकायचंय त्याला त्याच्याच संघटनेनं अडवायचं, हे कसं चालेल. आजही कुठल्याही चांगल्या संघटनेच्या बैठकीत कुणी फी किती लावायची हे बोलायला लागलं की जाणता माणूस लगेच थांबवतो, त्याचं मूळ इथे आहे.

आता तिसरी बाजू, बिल भरणाऱ्यांची. कंपनीत पगारानंतर मोठे जे खर्च असतात त्यात प्रवास येतो, आणि तो सांभाळणारा ट्रॅव्हल मॅनेजर म्हणजे बऱ्याचदा ॲडमिनमधला एक माणूस, ज्याला कुणी हे काम शिकवलेलं नसतं. अमेरिकेत अशा लोकांनी १९६८ मध्ये एकत्र येऊन संघटना काढली, नावं बदलत बदलत ती आता जीबीटीए झाली आहे, भारतातही तिचं काम चालतं. जगभरात कंपन्या प्रवासावर किती खर्च करतात याचा आकडा ही संघटना दर वर्षी काढते. तिच्या हिशोबानं २०१९ मध्ये तो १.४३ लाख कोटी डॉलर होता आणि २०२० मध्ये निम्म्याच्याही खाली आला. बजेट मागताना आम्ही हेच आकडे साहेबांपुढे ठेवतो.

पण मला सगळ्यात उपयोगाची वाटली ती त्यांची हॉटेलसाठीची ठरावीक प्रश्नावली. दर वर्षी कंपनी हॉटेलांकडून भाव मागवते, आणि पूर्वी आम्ही फक्त रूम रेट आणि ब्रेकफास्ट विचारायचो. प्रश्नावलीत प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म आहे का इथपासून सगळं असतं, आणि त्यात एक ओळ असते, लास्ट रूम अव्हेलेबिलिटी. याचा अर्थ असा की त्या प्रकारची शेवटची एक रूम जरी शिल्लक असेल तरी ती तुम्हाला ठरलेल्या भावातच द्यायची. ही अट नसेल तर काय होतं, तुम्ही ४,५०० चा करार करून खूश, आणि शहरात एखादं प्रदर्शन असलं की हॉटेल म्हणतं तुमच्या रेटच्या रूम संपल्या, आता ९,००० ची आहे. करार हातात असून माणूस डबल पैसे भरतो. एका ओळीचा प्रश्न, पण तो विचारायचा असतो हे आमच्या डेस्कला माहीतच नव्हतं.

तिन्ही बाजूंची तोंडं तीन दिशांना कशी असतात ते बघायचं तर तिकीट कुठून विकायचं हा वाद बघा. एजंट तिकीट काढतो ते अमेडियस, सेबर, गॅलिलिओ अशा सिस्टिमवर, त्यांना जीडीएस म्हणतात, आणि एअरलाइनला प्रत्येक बुकिंगमागे त्यांना पैसे द्यावे लागतात. एअरलाइनला तो खर्च नको असतो. आयाटानं २०१२ मध्ये एनडीसी नावाची नवी पद्धत आणली, एअरलाइनला सीट, बॅग, जेवण सगळं स्वतःच्या सिस्टिममधून हवं तसं विकता यावं म्हणून. १ सप्टेंबर २०१५ पासून लुफ्तान्सानं जीडीएसवरून काढलेल्या तिकिटाला १६ युरो जादा लावले. एअरलाइनची संघटना म्हणते ही प्रगती, एजंटांच्या संघटना म्हणतात आम्हाला बाजूला सारताय, आणि कंपन्यांची बाजू म्हणते भाव तुम्ही ठरवा पण आमची माणसं कुठे आहेत ते आम्हाला एका जागी दिसलं पाहिजे.

ही शेवटची मागणी कागदी वाटते, पण मला ती कधीच कागदी वाटली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी एजन्सीत जेमतेम वर्षभराची होते. टीव्हीवर ताज आणि ट्रायडंट दिसायला लागलं आणि आमचे फोन सुरू झाले, पुण्यातल्या कंपन्यांचे एचआर, ॲडमिन, एक बाई तर नुसत्याच थरथरत्या आवाजात विचारत होत्या, आमचं कोण कोण आहे हो तिथे. आम्ही रात्रभर बुकिंगची रजिस्टरं काढून नावं वाचून दाखवली, हे चर्चगेटला उतरलेत, हे काल परत आले, हे नरिमन पॉइंटला. पण ज्यांनी स्वतः फोन करून हॉटेल बुक केलं होतं त्यांचं नाव आमच्याकडे नव्हतंच. त्या घरांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. त्यानंतर एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपची विमानं बंद पडली तेव्हाही हाच प्रश्न, कोण कुठे अडकलंय. कामासाठी पाठवलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर असते, याबद्दल संघटना वर्षानुवर्षं बोलत आल्या आणि २०२१ मध्ये तर प्रवासातल्या जोखमीवर आयएसओ ३१०३० नावाचं वेगळं मार्गदर्शक मानक आलं. आमच्या कंपनीत कुणी म्हणालं की मला बाहेर दोनशे रुपये स्वस्त मिळतंय, मी तिथून काढतो, तर मी त्याला त्या रात्रीची गोष्ट सांगते.

या संघटना चालतात कशावर हेही माहीत हवं. सभासदांची वर्गणी असते, पण मोठा वाटा अधिवेशनं आणि प्रायोजकांचा, आणि प्रायोजक कोण तर एअरलाइन, हॉटेलं, सॉफ्टवेअरवाले. घेणाऱ्यांच्या संघटनेच्या स्टेजवर विकणाऱ्यांचा बॅनर असतो. यानं सगळं विकलं जातं असं मी म्हणत नाही, पण अमुक सिस्टिम घेतली की खर्च इतका वाचतो असा रिपोर्ट आला की तो कुणाच्या पैशानं झालाय ते मी तळाशी बघतेच. अधिवेशनांवर किती भिस्त असते ते २०२० मध्ये दिसलं, एसीटीई नावाची कॉर्पोरेट ट्रॅव्हलवाल्यांची तीसेक वर्षं जुनी जागतिक संघटना कोविडमध्ये कार्यक्रम बंद पडल्यावर दिवाळखोरीत गेली.

राहता राहिला आपल्या रोजच्या वापरातला एक विषय, हॉटेलचा जीएसटी, आणि तो अजून सुटलेला नाही. विमानाच्या तिकिटावर कंपनीचा जीएसटी नंबर टाकला की कराचं क्रेडिट घेण्याचा, म्हणजे तो कर कंपनीच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा करून घेण्याचा, मार्ग मोकळा होतो. हॉटेलचं तसं नाही. हॉटेल ज्या राज्यात उभं आहे त्याच राज्याचा कर लागतो. आमचा एक इंजिनिअर दोन-तीन वर्षांपूर्वी कोइम्बतूरला १४ रात्री राहिला, ४,००० रुपये रात्रीचे, एकूण ५६,०००. त्यावर १२ टक्के म्हणजे ६,७२०, निम्मा केंद्राचा आणि निम्मा तमिळनाडूचा. आमच्या कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात, त्यामुळे त्यातला एक रुपयाही क्रेडिट म्हणून घेता आला नाही. सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या रूमवर कर ५ टक्के झाला म्हणून हाच फटका आता २,८०० चा बसेल, वरच्या रूमला १८ टक्के आहेतच. हॉटेलांना दुसऱ्या राज्यातल्या कंपनीसाठी आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा एकत्र जीएसटी, लावू द्या, म्हणजे क्रेडिट मिळेल, अशी मागणी पर्यटन क्षेत्रातल्या संघटना सरकारकडे करत आल्यात. या एका बाबतीत विकणारा, मधला आणि घेणारा तिघेही एकाच बाजूला आहेत, जे फार क्वचित होतं. मागे आमच्या ओळखीतल्या एका संघटनेच्या माणसानं सांगितलं की नुसती तक्रार नको, खरी बिलं द्या, अधिकाऱ्यांपुढे ठेवता येतील अशी. मग मी कोइम्बतूरचं ते बिल फाइलमधून काढलं, इंजिनिअरचं नाव आणि खोली नंबर पेनानं खोडला, कराच्या दोन ओळींना पिवळ्या हायलायटरनं खूण केली आणि स्कॅन करून पाठवून दिलं.